स्टेजकडे पाठ करून

आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत गुणलेखकाचं टेबल स्टेजच्या बरोबर खाली लागतं. तोंड मैदानाकडे, पाठ पाहुण्यांकडे. त्यामुळे इतक्या वर्षांत आमच्याकडे आलेले नगरसेवक, आमदार, खासदार, एक-दोन मंत्रीसुद्धा मी आवाजावरूनच ओळखले. चेहरे नंतर फोटोत पाहिले.

स्पर्धा 26 जानेवारीच्या आगेमागे चार दिवस असते. पहिल्या दिवशी सकाळी चाळीच्या पटांगणात सत्यनारायण, संध्याकाळी मैदानपूजन आणि पहिला सामना. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, खेळाडूंशी हस्तांदोलन याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दरवर्षी वाऱ्याने समई विझते आणि दरवर्षी कोणीतरी काडेपेटी शोधत धावतं, एवढंच.

पूर्वी मैदान मातीचं होतं. पंधरा दिवस आधी माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, आणि सामन्याच्या दिवशी दुपारी सुतळी ताणून 13 बाय 10 मीटरवर फक्की मारायची. या कामाला चाळीतली शेंबडी पोरंही असायची. मॅट आली तेव्हा गुडघे सोलायचे थांबले हे खरं, पण माती फुकट होती आणि मॅटला भाडं पडतं. 2014 साली टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाली आणि मग लोकांना झगझगीत दिवे हवेसे वाटायला लागले, संघांना मोठं रोख बक्षीस. वर्गणीच्या पावतीपुस्तकातून एवढं निघत नाही. राजकारणी मंडळी कबड्डीत घुसली असं बाहेरचे लोक म्हणतात. आमच्याकडे तरी घुसलं कोणी नाही, आम्हीच पत्रिका घेऊन गेलो होतो.

चषक आमचा एकच आहे. सुरुवातीला तो मंडळाच्या एका दिवंगत गिरणी कामगार खेळाडूच्या नावाने होता. नंतर तो नगरसेवक चषक झाला, मग आमदार चषक, एका वर्षी खासदार चषक. खालची पितळी पट्टी बदलायची, स्क्रू तेच. काढलेल्या पट्ट्या आमच्या खजिनदारांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्यात. त्या ओळीने मांडल्या तर आमच्या वॉर्डाचा इतिहास वेगळा लिहायला नको.

इतिहास म्हणाल तर या परळ-लालबागमध्ये आधी लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्टांचा, जोर होता, आणि 1970 च्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार इथूनच निवडून गेला. त्या काळात सभेत एकमेकांवर धावून जाणारी पोरं संध्याकाळी एकाच मैदानात उतरायची. आमचे मास्तर म्हणतात, "घोटा धरायचा तर मैदानात धरा, तिथे पोलीस विचारत नाहीत."

मास्तरांबद्दल लिहायचं म्हणून तर हा लेख. महापालिकेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं, कबड्डीचे पंच म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून शिट्टी वाजवली, आणि आता ऐंशी ओलांडली तरी अंतिम सामन्याआधी माइक त्यांच्याच हातात असतो. ते भाषण करत नाहीत. खिशातून वही काढतात आणि मंडळाकडून खेळून गेलेल्या, आज हयात नसलेल्या खेळाडूंची यादी वाचतात. आधी नाव, मग नोकरीची जागा, मग मैदानातली जागा. अमुक अमुक, खटाव मिल, लेफ्ट कॉर्नर. अमुक अमुक, दिग्विजय मिल, राइट कव्हर. अमुक अमुक, मोरारजी मिल, बदली कामगार, चढाई. पुढे पोर्ट ट्रस्ट येतं, बँक येते, महिंद्र येतं. अलीकडच्या नावांपुढे सिक्युरिटी आणि कुरिअर. एक नाव तर फक्त "कॉर्नर" एवढंच आहे, कारण त्या पोराला नोकरी लागलीच नाही, आणि मास्तर तिथे दुसरं काही भरत नाहीत.

जागेचं नाव उच्चारलं की आजच्या संघात त्या जागेवर खेळणारा पोरगा हात वर करतो. हे कोणी शिकवलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या एका कॉर्नरने आजोबांचं नाव आलं म्हणून हात वर केला होता, पुढच्या वर्षी बाकीच्यांनीही केला. मी गुणपत्रिकेवर संघांची नावं लिहून तयार बसलेलो असतो, आणि त्या दहा मिनिटांत मला पेन धरवत नाही. यादी पाठ झाली आहे तरी. किंबहुना पाठ झाली आहे म्हणूनच, कारण पुढचं नाव कोणाचं ते आधीच कळतं.

एका वर्षी यादी निम्म्यावर असताना स्टेजवरून एक चिठ्ठी खाली आली. साहेबांना पुढचा कार्यक्रम आहे, जरा आटपतं घ्या. मास्तरांनी चश्मा वर करून चिठ्ठी वाचली आणि माइकवरच म्हणाले, "साहेबांना जाऊ द्या. यांना आता कुठे जायचं नाहीये." मग पुढचं नाव घेतलं. साहेब गेले नाहीत, हेही सांगायला हवं. शेवटपर्यंत बसले आणि जाताना मास्तरांच्या पाया पडले. कोणत्या पक्षाचे ते विचारू नका, तेव्हाचा आणि आताचा पक्ष वेगळा आहे.

1982 ची स्पर्धा मी लहानपणी पाहिलेली. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि आठवड्याभरात आमचा नारळ फुटायचा होता. रद्द करावी असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. मास्तर आणि त्यांच्या बरोबरीची माणसं म्हणाली, संप महिनाभरात मिटेल, मग पोरांनी वर्षभर बोंबलत बसायचं का? स्पर्धा झाली. रोख बक्षीस मात्र विजेत्या संघाने मैदानातच परत केलं आणि त्याचे तांदूळ आणून चाळीत वाटले. संप काही महिनाभरात मिटला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

2017 च्या जानेवारीत महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि आमची पंचाईत झाली. कमानीवर नाव, पत्रिकेवर नाव, टी-शर्टच्या पाठीवर नाव, चषकावर तर पट्टीच. कमानीवर पांढरं कापड बांधलं. टी-शर्टवर चिकटपट्टी लावली, ती पहिल्याच पकडीत सुटली आणि ज्याचं नाव झाकायचं तेच सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं. त्या वर्षी स्टेजवर फक्त जुने खेळाडू बसले होते. तशी स्पर्धा मला पुन्हा पाहायला मिळाली नाही. बक्षीस मात्र निम्म्यावर आलं, आणि दोन नामवंत संघ आले नाहीत, हेही त्यातलंच.

मोठ्या पातळीवरचं राजकारण आमच्याकडे चहाबरोबर यायचं. भारतीय कबड्डी महासंघाची खुर्ची वर्षानुवर्षं राजस्थानातल्या एका काँग्रेस नेत्याकडे होती, पुढे ती त्यांच्या पत्नीकडे गेली, आणि ऑगस्ट 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. त्याच महिन्यात जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताचे दोन्ही संघ इराणकडून हरले. पुरुष उपांत्य फेरीत 18-27, मुली अंतिम सामन्यात 24-27. पुढच्या जानेवारीत आमच्या टेबलाभोवती याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. पंचांच्या जेवणात पुलावापेक्षा महासंघच जास्त चघळला गेला. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या, हे आमच्या एका सभासदाने माइकवरून सांगितलं तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. पहिली टाळी आमच्या मुलींच्या संघाने वाजवली.

मुलींचा संघ तसा उशिराच उभा राहिला. 2012 साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, त्यात महाराष्ट्राच्या तिघी होत्या, आणि राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटी रुपये जाहीर केले. तोवर "मुलींनी काय करायचंय मैदानात" म्हणणारे दोन काका त्याच महिन्यात आपापल्या नातींना घेऊन सरावाला हजर. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षणही लोकांना तेव्हाच नीट समजलं. प्रमाणपत्राला किंमत आली की पालकांना खेळ कळतो.

सगळ्यात गंमत झाली ती 2023 ला. आदल्या जूनमध्ये शिवसेना फुटली होती. त्याच्याही आधी मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपलेली, त्यामुळे नगरसेवक सगळे माजी, आणि निवडणूक कधी लागेल याचा पत्ता नाही म्हणून सगळेच भावी. आमच्याकडे दोन नेते, दोघेही मंडळाचे जुने हितचिंतक, दोघांनाही अंतिम दिवस हवा. त्यातच पहिल्या दिवशी आमची मशालफेरी असते, परंपरेने. आणि ऑक्टोबरपासून मशाल हे एका गटाचं चिन्ह झालेलं! दुसऱ्या गटाचा निरोप आला की मशाल नको. पहिल्या गटाचा निरोप आला की मशाल तर पाहिजेच, आणि पुढे आमचा माणूस हवा. कार्यकारिणीची बैठक रात्री दीडपर्यंत चालली. शेवटी वहिनींनी तोडगा काढला. वहिनी म्हणजे आमच्या अध्यक्षांच्या पत्नी, आणि खऱ्या अर्थाने अध्यक्ष. त्या म्हणाल्या, सत्यनारायणाच्या पूजेतली निरांजन घ्या, तिच्यावर कोण हरकत घेतो बघते मी. मुलींच्या संघाची कर्णधार निरांजन हाताने आडोसा करत मैदानापर्यंत घेऊन गेली. एकानेही तोंड उघडलं नाही.

अंतिम सामने वाटून दिले. पुरुषांचा एकाला, महिलांचा दुसऱ्याला. महिलांचा ज्यांच्या वाट्याला आला ते नाराज होते, अर्ध्या तासात जातो म्हणूनच आले होते. सामना बरोबरीत सुटला, पाच-पाच चढायांवर गेला, तिथेही शेवटच्या चढाईपर्यंत काही कळेना. आमच्या पोरीने शेवटच्या चढाईत बोनस घेतला, मागे फिरताना कव्हरने कमरेला धरलं, आणि ती दम न सोडता दोघींना ओढत मध्यरेषेपर्यंत आली. बोटं रेषेला लागली. माझ्या मागे स्टेजवर खुर्ची पडल्याचा आवाज झाला. नंतर फोटोत पाहिलं, नाराज पाहुणे खुर्चीवर चढले होते. पुरुषांचा सामना मध्यंतरालाच दोन लोण होऊन, म्हणजे अख्खा संघ दोनदा बाद होऊन, संपल्यात जमा होता.

एक खुपतं ते सांगतो. नेते निघाले की त्यांच्याबरोबर पुढच्या तीन रांगा उठतात. ती माणसं आमची नव्हेत, त्यांचं काही नाही. पण विरार, बदलापूर, डोंबिवलीला गेलेले आपले जुने सभासद, ज्यांच्या घरी मी दरवर्षी स्वतः पत्रिका पोचवतो, ते "येतो रे" म्हणतात आणि स्टेटसला फोटो ठेवतात. शेजारच्या टॉवरमधून दहाच्या ठोक्याला पोलिसांना फोन जातो, तोही समजू शकतो. ज्याच्या वडिलांचं नाव मास्तर वाचतात त्याने शेवटच्या दिवशी लोकल पकडायला हरकत नसावी. एक जण मात्र नालासोपाऱ्याहून कुबड्या घेऊन येतो, दरवर्षी, उद्घाटनाआधी. त्याची खुर्ची मी टेबलाशेजारी राखतो.

आता नावं न घेता का होईना, सगळ्यांचे आभार मानायलाच हवेत, कारण मागे एकदा एकाचा उल्लेख राहिला आणि तो दोन वर्षं बोलला नव्हता. मॅट वाहून आणणारे टेम्पोवाले दोघे भाऊ. किशोर गटाच्या वजनासाठी काटा देणारे रेशन दुकानदार. 55 किलोच्या आत बसायला पोरं सकाळपासून पाणी पीत नाहीत, त्यांना वजन झाल्यावर लिंबू सरबत देणाऱ्या त्यांच्या सौ. पाहुण्या संघातल्या मुलींना कपडे बदलायला स्वतःची खोली रिकामी करून देणाऱ्या तळमजल्यावरच्या काकू. बर्फ देणाऱ्या कोळीणमावशी. सुजलेल्या खांद्याला बोंबलाचा वास येतो, पण आजवर एक पैसा घेतलेला नाही. कोपऱ्यावरचे डॉक्टर. रात्री मॅट राखायला झोपणारी तिघं, त्यांतला एक घोरतो. दिवे लावणारा वायरमन. परवानगीसाठी पोलीस ठाण्याच्या खेपा घालणारे सहकार्यवाह. पत्रिकेत नावांचा क्रम ऐन वेळी बदलला तरी न चिडणारे छापखानेवाले. समालोचक, ज्यांचा घसा तिसऱ्या दिवशी बसतो आणि तरी ते माइक सोडत नाहीत. जिल्हा संघटनेचे सगळे पंच. पुलाव करणारे आचारी आणि त्यांचा मुलगा. रांगोळीवाल्या ताई. काडेपेटी आणणारा, कोण असेल तो.

आणि बिस्किटाचा डबा सांभाळणारे खजिनदार. त्यांना राहून राहून वाटतं, पहिली पट्टी, त्या गिरणी कामगाराच्या नावाची, पुन्हा चषकावर लावावी. हा विषय सर्वसाधारण सभेपुढे आहे. प्रायोजक कसा मिळणार, असं पोरांचं म्हणणं. मॅटचं भाडं कोण भरणार, असं माझंही. मास्तर यावर अजून काही बोललेले नाहीत. सभा जुलैच्या पंधराला, कबड्डीचे जुने संघटक बुवा साळवी यांच्या जयंतीला, कबड्डी दिनी, संध्याकाळी साडेसातला मंडळाच्या खोलीत आहे. गेल्या वर्षी गणसंख्येअभावी अर्धा तास थांबावं लागलं होतं. डोंबिवलीकरांनी कृपया सहाची गाडी पकडावी.