गच्चीवरची पवनचक्की: जनित्र झालं, आता वाऱ्याचं बघू

मंडळी, जनित्र तयार आहे. ड्रिल मशीनने फिरवलं तेव्हा मीटरवरचे आकडे हिशेबाच्या जवळपास आले. आता खरं अवघड काम: चारकोपच्या आमच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर पंख्याला सरळ वारा नेमका कुठे मिळतो ते शोधणं.

आधी जनित्राचं सांगतो, कारण विचारणा त्याचीच जास्त होते. दोन लोखंडी तबकड्या, प्रत्येकीवर आठ निओडिमियम मॅग्नेट, उत्तर-दक्षिण असे आलटून पालटून. दोन तबकड्यांच्या मधल्या फटीत रेझिनमध्ये ओतलेल्या सहा कॉइल. कॉइल जागच्या जागी, मॅग्नेट फिरते. दोन-दोन कॉइलची एक फेज (विजेचा एक वेगळा प्रवाह), म्हणजे थ्री फेज, बाहेर तीन तारा. तार लोहार चाळीतली, बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवरची, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर लॅमिंग्टन रोडचा आणि चाक ज्यावर बसतं तो हब कुर्ल्याच्या भंगारातला, जुन्या मारुतीचा. भंगारातला हब घेताना हाताने फिरवून बघा. बोटांना खरखर लागली तर दुकानदार काहीही सांगो, बेअरिंग बदलायचंच.

प्रत्येक कॉइलला १८ गेजचे ६० वेढे घातलेत. साठच का? पंख्याचा व्यास १.२ मीटर. पात्याचं टोक वाऱ्याच्या पाचपट वेगाने पळेल असं धरलंय. म्हणजे सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात साधारण २४० फेरे मिनिटाला, ४ मीटरला ३२०. बारा व्होल्टच्या बॅटरीत करंट शिरायला रेक्टिफायरच्या पुढे साडेतेराच्या आसपास व्होल्ट हवेत, आणि ते २४० फेऱ्यांवर मिळायला हवेत. वेढे कमी घातले तर मंद वाऱ्यात पंखा नुसताच गरगरतो, बॅटरीला काही पोचत नाही. वेढे वाढवले तर तेवढ्याच जागेत तार बारीक घ्यावी लागते, रोध वाढतो आणि जोराच्या वाऱ्यात कॉइल तापते. फ्रिक्वेन्सीची आपल्याला फिकीर नाही. ३२० फेऱ्यांना ती २१ हर्ट्झ येते, पण पुढे सगळं डीसी होतं.

एक चाचणी जरूर करा, मीटरही लागत नाही. तिन्ही तारा सुट्या ठेवून तबकडी हाताने फिरवा, लोण्यासारखी फिरते. दोन तारा एकमेकींना टेकवा: हात अडखळतो, दर थोड्या अंतराने ढकलल्यासारखं होतं. आता तिसरीही जोडा. अडखळणं जातं आणि सलग जड ओढ लागते, जितकं जोरात फिरवाल तितकी जास्त. तारांची कुठलीही जोडी टेकवली तरी अडखळणं सारखंच जाणवलं, तर तिन्ही फेज बरोबर आहेत. एखादी कॉइल उलटी जोडली गेली असेल तर ती इथेच पकडली जाते. आणि हाच पुढे ब्रेक म्हणून वापरायचा: खाली एक मोठा स्विच, तीन तारा शॉर्ट, पंखा मंदावतो. मात्र तो वादळ येण्याआधी दाबायचा, भर वादळात त्याच्यावर विसंबू नका.

दुसरी तबकडी बसवताना हाताने बसवू नका. तीन आट्याचे रॉड लावून, नट फिरवत फिरवत खाली उतरवा. मध्ये बोट सापडलं तर सोडवायला माणूस मिळणार नाही. मॅग्नेटवरच्या निकेलच्या मुलाम्यावरही भिस्त ठेवू नका. आपल्या खाऱ्या हवेत त्याला कुठे बारीक चरा पडला की आतला मॅग्नेट फुगतो आणि त्याची भुकटी होते. कॉइलसारखे मॅग्नेटही रेझिनमध्ये बुडवायचे.

आता वारा. त्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, हे आपण सगळे पाठ म्हणतो. माझ्या पंख्याचं क्षेत्रफळ १.१३ चौरस मीटर. ३ मीटरच्या वाऱ्यात त्यातून जेमतेम १८ वॉट वाहतात. ६ मीटरला आठपट, म्हणजे १४० च्या आसपास. यातलं जास्तीत जास्त ५९.३ टक्के काढता येतं, ही बेट्झची मर्यादा. सगळीच ऊर्जा काढून घेतली तर हवा पंख्यामागे तुंबेल आणि पुढची हवा येणारच नाही. घरगुती पंख्याने तीस टक्के काढले तरी उत्तम म्हणायचं. म्हणजे ३ मीटरला पाच वॉट, ६ मीटरला चाळीस.

हे गणित झालं सरळ वाऱ्याचं. आमच्या पश्चिमेला खारफुटी आणि पलीकडे खाडी आहे, त्यामुळे दुपारी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत अडथळा नाही. मी लांब बांबूला हात-हात अंतरावर जरीच्या फिती बांधल्या आणि तो पश्चिमेच्या कठड्यापासून थोडा आत उभा केला. सगळ्यात वरची फीत पूर्वेकडे ताठ. मधल्या भेलकांडत होत्या. आणि सगळ्यात खालची चक्क खाडीकडे तोंड करून, वाऱ्याच्या उलट्या दिशेने! वारा इमारतीच्या भिंतीवर आपटून वर उसळतो, कठड्यावरून झेप घेतो आणि गच्चीवर भोवरा सोडून जातो. संक्रांतीला पतंग कठड्याजवळ गिरक्या घेतो आणि बरीच ढील दिल्यावर एकदम शांत होतो, तेच हे. दोन हातांच्या पाइपवर पवनचक्की लावून ‘मुंबईत वाराच नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी फिती बांधून बघाव्यात.

नियम असा सांगतात की दीडशे मीटरच्या आत जे सर्वांत उंच असेल त्याच्याहून पंखा नऊ-दहा मीटर वर हवा. मुंबईत हे ऐकून हसू येतं. पूर्वेला आमच्याकडेही टॉवर आहेत, पण मला फक्त पश्चिमेचा वारा हवाय आणि त्या बाजूला आमची इमारतच सर्वांत उंच. लिफ्टच्या मशीनरूमच्या माथ्यावरून सहा मीटरचा खांब उभारला तर पंखा ताठ फितीच्या वर जातो. स्लॅबला बोल्ट नाहीत, खाली रबरी पॅड आणि चार बाजूंनी ताणाच्या तारा. सेक्रेटरीकाकांची अट एवढीच: “टाकीला हात लावायचा नाही, आणि रात्री घरघर ऐकू आली तर सकाळी ते खाली आलेलं दिसलं पाहिजे.” रास्त आहे.

‘मग उभ्या अक्षाची सॅव्होनियस, म्हणजे अर्ध्या पिंपांसारख्या पात्यांची पवनचक्की, का नाही?’ तिला वाऱ्याच्या दिशेचं सोयरसुतक नाही, हे खरं. पण तिच्या पात्याची कड वाऱ्याच्याच वेगाच्या आसपास फिरते. म्हणजे फेरे फारच कमी, आणि माझं हेच जनित्र तिच्यावर लावलं तर सगळ्या वर्षात बॅटरीला किती पोचेल कोण जाणे. शिवाय तेवढ्याच क्षेत्रफळाला पत्रा कितीतरी जास्त लागतो. भोवऱ्यातून मुळात फारसं मिळत नाही. खांबाची उंची वाढवणं जास्त परवडतं.

सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर गेलात तर हा मुद्दा डोळ्यांना दिसतो. कोयनेच्या वर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास. तिथली हवा आपल्यापेक्षा सुमारे दहा टक्के विरळ, म्हणजे तेवढी ऊर्जा आधीच कमी, तरी रांगाच्या रांगा उभ्या आहेत, कारण सह्याद्रीची कड ओलांडून येणारा नैर्ऋत्येचा वारा जोरदार आणि सलग असतो. तिथल्या जुन्या ३५० किलोवॉटच्या यंत्रांचा पंखा ३३ मीटरचा, माझ्या साडेसातशे पट क्षेत्रफळाचा. साडेतीनशे किलोवॉटला साडेसातशेने भागा: पावणेपाचशे वॉट. तेरा-सव्वातेरा मीटरच्या वाऱ्यात माझ्या पंख्यातूनही कागदावर जवळपास तेवढेच निघतात. फरक असा की तो वारा त्यांना मिळतो. आत गिअरबॉक्स असतो, कारण ग्रिडला ५० हर्ट्झच हवेत आणि जनित्र १५०० फेऱ्यांच्या वर फिरावं लागतं. पुढे ट्रान्सफॉर्मरने ३३ किलोव्होल्टपर्यंत चढवून वीज उपकेंद्रात जाते.

पैशांचा हिशेब कराल तर सोलर घ्या, मी सगळ्यांना हेच सांगतो. पण जून-जुलैत पॅनेल ढगाखाली बसतं, आणि नेमका तेव्हाच पश्चिमेचा वारा भरात असतो. माझी बॅटरी एकच, त्यामुळे दोघांनी पाळी करून ती भरावी असा बेत आहे.

शेपटीचं वेल्डिंग बाकी आहे. पंखा खांबाच्या मध्यापासून बाजूला सरकवून ठेवलाय. वारा वाढला की दाबाने तो तिरका वळेल, शेपूट दुमडेल. बॅटरी भरल्यावर करंट जायला हीटरची कॉइलही हवी. भार सुटला की पंखा मोकाट पळतो.

पात्यांचं मात्र ठरत नाहीये. सहा इंची पीव्हीसी पाइपची कापून ठेवलीत, हलकी आहेत, पण ऊन खाऊन वर्षभरात कडक होतील आणि जोराच्या वाऱ्यात वाकून खांबाला लागतील अशी भीती आहे. रे रोडच्या लाकूडबाजारात देवदाराची सरळ रेषांची फळी बघून आलोय. कुणी पावसाळाभर लाकडी पाती चालवली असतील तर कडेला काय लावलं होतं, नुसतं जवसाचं तेल की इपॉक्सी, ते सांगा. खांब मे संपायच्या आत उभा करायचाय.