काम सुटल्यावर ईएसआयसीचा भत्ता : अर्ज नेमका कुठे अडतो

जळगाव एमआयडीसीत एखादी चटई कंपनी बंद पडली किंवा धुळ्यात ठेकेदाराने माणसं कमी केली, की सगळे आधी पीएफचं विचारतात. पीएफ तर आपलीच साठवण आहे. पण पगाराच्या स्लिपवर त्याच्या शेजारी आणखी एक कपात असते, तिकडे फार थोडे बघतात. 15,000 पगाराला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, 113 रुपये. ही आपली 0.75 टक्के वर्गणी. मालक वरून 3.25 टक्के भरतो. 'दवाखान्याचे कापतात' एवढंच आपल्याला ठाऊक असतं. त्याच पैशांत बेरोजगारीचा भत्ताही आहे : अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, सुरुवात 1 जुलै 2018.

मिळतं किती, ते आधी बघा. काम सुटण्याआधीच्या चार सहामाहींतली, म्हणजे दोन वर्षांतली, एकूण कमाई भागिले 730 दिवस, आणि जे येईल त्याच्या निम्मं. दोन वर्षं 15,000 पगार असेल तर 3,60,000 भागिले 730, म्हणजे रोजचे साधारण 493. निम्मे 246 धरले तर 90 दिवसांचे 22,000 च्या थोडे वर. एवढ्यात तीन महिन्यांचा किराणा आणि घरभाडं निघतं, म्हणून हे पैसे सोडू नका. हा लाभ आयुष्यात जास्तीत जास्त 90 दिवसांचाच.

अर्ज काम सुटल्यावर 30 दिवसांनी करता येतो. तो महिना हातावर हात ठेवून घालवू नका, कारण दावा अडतो तो वर्गणीच्या नोंदीवर. ईएसआयसीच्या, म्हणजे हा विमा चालवणाऱ्या महामंडळाच्या, पोर्टलवर आपला दहा आकडी विमा नंबर टाकून लॉगिन करा आणि महिन्यागणिक किती दिवस भरलेत ते वहीत उतरवा. सहामाही धरायची एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम सुटण्याआधीच्या लगतच्या सहामाहीत वर्गणीचे किमान 78 दिवस हवेत, त्याआधीच्या तीनपैकी एकीत आणखी 78, आणि विम्याखालची नोकरी किमान दोन वर्षांची.

इथेच घोळ निघतात. 26 दिवस काम केलं आणि ठेकेदाराने दाखवले 12. किंवा ठेकेदार बदलला, नव्याने जुना नंबर न विचारता दुसराच काढला, आणि दोन वर्षांची वर्गणी दोन नंबरांत वाटली गेली. असं दिसलं तर दोन्ही नंबर, पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक घेऊन ईएसआयसीच्या शाखेत जा आणि नोंदी एकत्र करण्याचा लेखी अर्ज द्या. पोचपावतीवर शिक्का घ्या; तोंडी सांगून काही होत नाही.

दुसरी अडचण राजीनाम्याची. 'राजीनामा लिहून दे, हिशोब लवकर करतो,' असं सांगितलं जातं आणि माणूस सही करून मोकळा होतो. त्या कागदाचा अर्थ होतो की नोकरी त्याने स्वतःहून सोडली. भत्ता मात्र काम गेलेल्यासाठी आहे. काम बंद केल्याचं पत्र मागा. गैरवर्तनासाठी काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला किंवा संपावर असलेल्याला हा भत्ता नाही.

अर्ज पोर्टलवरच भरायचा, पूर्वीसारखा मालकाच्या हातून पाठवावा लागत नाही. आधार आणि पासबुकाची प्रत स्कॅन करून जोडा. स्कॅन जोडलं नाही तर छापील अर्जावर सही करून कागदांसह शाखेत द्यावा लागतो. स्टॅम्प पेपरवरच्या प्रतिज्ञापत्राची अट 2020 मध्ये काढली, तेव्हा त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आधार, विमा नोंद आणि बँक खातं, तिन्हीकडे नाव अक्षरशः सारखं हवं. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून अर्जाआधी शाखेत एकदा चौकशी करा.

कंपनी कायमची बंद झाली किंवा कामगारकपात झाली असेल तर थांबा. त्यासाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे : पहिले 12 महिने सरासरी पगाराच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के. तुमचं प्रकरण यात बसत असेल तर 90 दिवसांवर समाधान मानू नका. शाखेत हिचंच नाव घेऊन विचारा.

जिनिंगवाल्यांची गोष्ट वेगळी. कापूस जिनिंग-प्रेसिंग कायद्यात हंगामी कारखान्यांत मोडतं आणि हंगामी कारखान्यांना ईएसआय लागू होत नाही. म्हणजे खान्देशात दिवाळी ते होळी राबणाऱ्या कितीतरी हातांना यातला रुपयाही मिळत नाही. हे अन्यायाचं आहे. पण जिनिंगनंतरचे महिने तुम्ही पाइप कंपनीत किंवा दालमिलमध्ये काढत असाल, तर तिथली स्लिप मागून घ्या आणि ईएसआयचा रकाना तपासा.