परातीतली पेशी

रविवारी संध्याकाळी सात वाजता लेकीला आठवलं की सकाळी शाळेत पेशीची प्रतिकृती न्यायची आहे. थर्माकोल चालणार नाही, विकतचं तर नाहीच. एरवी लालबागेत काय मिळत नाही? पण पाऊस असा लागला होता की भारतमाता सिनेमापर्यंतही जाववेना. मग पेशी स्वयंपाकघरातच उभी राहिली.

आईची मोठी परात घेतली. कडेने कणकेची वळी लावली, ते प्रद्रव्यपटल. आत कुणाला घ्यायचं नि कुणाला दारातच थांबवायचं ते हे ठरवतं. मधोमध उकडलेला बटाटा, म्हणजे केंद्रक. त्याभोवती शेवयांची आंतर्द्रव्यजालिका आणि शेवयांना चिकटवलेली मोहरी, म्हणजे प्रथिनं तयार करणारे रायबोझोम. दुपारच्या पोळीच्या घड्या एकावर एक रचल्या, तर हुबेहूब गॉल्गी संकुल झालं. तयार प्रथिनांची बांधाबांध करून ती पत्त्यावर पाठवायचं काम त्याच्याकडे. टाकाऊ माल पचवणाऱ्या लयकारिकांना मिरे. "हरितलवकं?" मी विचारलं. "बाबा, आपण झाड नाही," लेक म्हणाली.

राहिल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. त्यांच्यासाठी राजम्याइतकं चपखल दुसरं काही नाही. आईने डबा उघडून सहा दाणे मोजून दिले.

"आजी, यकृताच्या एका पेशीत हजारावर असतात!"

आईने आणखी तीन दिले.

पाठ्यपुस्तकात तंतुकणिकेला 'पेशीचं ऊर्जाकेंद्र' म्हणून एका ओळीत वाटेला लावतात, ते मला कधी पटलं नाही. ती मुळात भाडेकरू आहे. दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी कधीतरी एक स्वतंत्र जीवाणू दुसऱ्या पेशीत शिरला, पचला नाही आणि मुक्कामालाच राहिला. जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी १९६७ साली एका लेखात हे नेटाने मांडलं. त्याआधी तो लेख अनेक नियतकालिकांनी साभार परत केला होता. पण खुणा लपत नाहीत. तंतुकणिकेला दुहेरी आवरण आहे, ती जीवाणूसारखी दुभंगून वाढते आणि स्वतःचा गोल डीएनए अजून बाळगून आहे. माणसात त्यावर अवघी ३७ जनुकं उरलीत. जुन्या जनुकांतली काही काळाच्या ओघात गळाली, बरीचशी केंद्रकात गेली. दागिने मालकाच्या तिजोरीत, अंगावर मंगळसूत्र तेवढं. भाडं मात्र चोख: अन्नातली ऊर्जा एटीपीच्या, म्हणजे पेशीला वापरता येणाऱ्या इंधनाच्या रूपात, अखंड. आता इतक्या वर्षांनी मालकही तिला काढू शकत नाही आणि तिलाही बाहेर कुठे जागा नाही. पागडीच्या खोलीत जन्म गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण मी पुढे सांगून बसलो की तंतुकणिका आपल्याला फक्त आईकडून मिळतात. वडिलांकडच्या तंतुकणिका बीजांडात शिरतात खऱ्या, पण तिथे त्यांची विल्हेवाट लागते.

आई गप्प झाली. नात आमच्याच घराण्यावर गेली, हे ती तेरा वर्षं चाळभर सांगत आलेली.

"म्हणजे हिच्या कुणाच्या?"

"मम्मीच्या. म्हणजे वर्ध्याच्या आजीच्या," लेकीने सांगून टाकलं. बायको ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत होती. खांदे हलत होते.

"आणि ह्याच्या?"

"बाबाच्या तुझ्या. पण बाबापाशी संपल्या त्या. पुढे नाही जाणार."

आईने डब्याचं झाकण लावलं. जरा वेळाने म्हणाली, "शक्ती देतात म्हणालीस ना गं त्या?"

"हो."

"माझ्याच आहेत ना ह्याच्याकडे? मग पहाटे पाचला पाणी येतं तेव्हा कुठे जातात?"