दुसऱ्या डोळ्याची सूज

डावा डोळा लाल, पापण्या फुगलेल्या, ताप १०३. मुलगा १९ वर्षांचा. ‘डोळे आलेत’ म्हणून बाहेर तीन दिवस थेंब घालून झाले होते. पण नुसते डोळे आले तर डोळा पुढे सरकत नाही आणि त्याची हालचाल अडकत नाही. इथे हर्टेलवर (डोळा किती पुढे आलाय ते मोजायचं उपकरण) उजवा डोळा १७ मिमी, डावा २३. डोळ्याची खोबण म्हणजे जेमतेम ३० मिली हाडांची पोकळी. आत सूज आली की डोळ्याला पुढेच यावं लागतं.

हालचाल सगळ्याच दिशांना कमी होती, बाहेरच्या बाजूला तर शून्य. गालावर कापूस फिरवला, तोही नीट कळेना. कपाळाची बधिरता खोबणीच्या आजारातही येते. गालही बधिर असेल तर संशय मागे, कॅव्हर्नस सायनसवर न्यावा: खोबणीमागची, कवटीच्या तळाशी असलेली शिरेच्या रक्ताची पोकळी, दोन्ही बाजूंना एकेक. डोळा हलवणाऱ्या मेंदूच्या नसांपैकी तिसरी, चौथी आणि चेहऱ्याची जाणीव देणाऱ्या पाचव्या नसेच्या पहिल्या दोन शाखा (कपाळाची आणि गालाची) त्याच्या भिंतीत असतात. डोळा बाहेर वळवणारी सहावी मात्र आत, कॅरोटिड धमनीला खेटून, रक्तातच. म्हणून बहुतेकदा तीच आधी जाते.

नाकपुडीत सुकत आलेला फोड सापडला. पू दाबून काढला होता, असं आई म्हणाली. चेहऱ्याच्या शिरांत रक्त उलटंही वाहतं: नाकाजवळची अँग्युलर शीर, मग खोबणीतली वरची ऑफ्थॅल्मिक शीर, तिथून थेट सायनस. लहान मुलांत खोबणीत संसर्ग येतो तो बहुधा वेगळ्या वाटेने: एथमॉइडमधला (नाकाशेजारची हवेची पोकळी) पू कागदासारखी पातळ हाडाची भिंत, लॅमिना पॅपिरेशिया, ओलांडतो. इथे एथमॉइड स्वच्छ होतं.

ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) घेतलं आणि स्कॅनची वाट न पाहता व्हॅन्कोमायसिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी, मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविकं शिरेतून सुरू केली. कॉन्ट्रास्ट सीटीत (शिरेतून औषध देऊन काढलेला, रक्तवाहिन्या उजळ दाखवणारा स्कॅन) वरची ऑफ्थॅल्मिक शीर जाड, सायनसची भिंत बाहेर फुगलेली, आत न भरलेले काळे डाग. गुठळीच.

सकाळी उजवी पापणी सुजली. दोन्ही बाजूंचे कॅव्हर्नस सायनस मधल्या पिट्युटरी ग्रंथीच्या पुढून-मागून जोडलेले असतात, त्यामुळे एका बाजूचा आजार दुसरीकडे एक-दोन दिवसांत पोचतो. खोबणीच्या साध्या सेल्युलायटिसमध्ये (ऊतींच्या जंतुसंसर्गात) असं सहसा होत नाही. आम्ही दर चार तासांनी दोन्ही डोळ्यांची नजर, बाहुली आणि रंगज्ञान तपासत राहिलो. उघड्या पडलेल्या, बधिर बुबुळावर मलम चुकवायचं नाही. इथे व्रण दुखत नाही, म्हणून रुग्ण तक्रारच करत नाही.

कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरिअस हा जंतू निघाला. इंजेक्शनं चार आठवडे चालली. दोन्ही डोळ्यांची नजर वाचली, सहावी नस हळूहळू परतते आहे. इतर ग्रंथींना चालवणारी पिट्युटरी या सायनसांच्या मधोमध, म्हणून सकाळचं कॉर्टिसॉल आणि थायरॉईडच्या तपासण्या पुढच्या भेटींसाठी लिहून दिल्या आहेत.