अडीचशेचा घोळ

सापडलं! गेल्या नोंदीत रडगाणं गायलं होतं ना, की विकिपीडियावर कॉमिकच्या लेखातल्या माहितीचौकटीत मुखपृष्ठ टाकलं की ते अख्ख्या पानावर हातपाय पसरून बसतं, तो घोळ काल रात्री सुटला. तीन आठवडे गेले त्यात. आणि खोट साच्यात, म्हणजे ती चौकट तयार करणाऱ्या माझ्या कोडात, कमी, माझ्या बोटांत जास्त होती.

आधी वाटलं, चित्रच अवाढव्य असेल. चाचणीला कॉमन्सवरचं, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसाठ्यातलं, एक जुनं अमेरिकी मुखपृष्ठ घेतलं होतं. १९६३पर्यंतच्या ज्या अंकांच्या हक्कांचं २८व्या वर्षी नूतनीकरण झालं नाही ते आता मुक्त आहेत, धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, खेळायला बरे. दुसरं चित्र लावलं, तेही तसंच. मग महिरपी कंस मोजत बसलो. एकदा नव्हे, चारदा. पान पर्ज केलं (साठवलेली जुनी प्रत पुसली), काहीही न बदलता पुन्हा जतन केलं, ढिम्म. शनिवारी भाची फोंड्याहून आली, तिने मोबाइलवर पान उघडलं आणि म्हणाली, "मामा, लेख कुठाय? नुसतं चित्रच दिसतंय."

काल पावसात वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर, काम काहीच सुचेना, माऊस सहज त्या मुखपृष्ठावर टेकला. बाणाखाली बारीकशी पट्टी उमटली: '२५०पीएक्स', म्हणजे २५० पिक्सेल. एवढंच. चित्राच्या वर्णनाची ओळ यावी तिथे आकार कसा आला? आणि ट्यूब पेटली. मीडियाविकीला, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, चित्राची रुंदी फक्त इंग्रजी अंकांत कळते. माझा इनस्क्रिप्ट कीबोर्ड देतो देवनागरी अंक. ते २५० त्याला आकार वाटलंच नाही, आणि जे ओळखता येत नाही ते तो मुकाट्याने चित्राची ओळ समजतो. म्हणजे आकार गायब, चित्र मूळ रुंदीत. साच्यात देवनागरी अंकांनी बेरीज करायला जा, निदान लाल अक्षरांत बोंब तरी ठोकतो. इथे चूं नाही. कीबोर्डला दोष देणार नाही, शुद्ध मराठी लिहायला त्याच्यासारखा दुसरा नाही. फक्त साच्याच्या रकान्यांत शिरलं की तो वैरी होतो.

लगेच साच्यात देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घेणारी 'फॉरमॅटनम' ही आज्ञा घातली. चाललं! मुखपृष्ठ शहाण्या मुलासारखं उजवीकडे चौकटीत बसलं. तीन वेळा पान ताजं करून नुसतं बघत राहिलो.

हे लिहिता लिहिताच वाटतंय, हा रकाना हवाच कशाला? प्रत्येक लेखात प्रत्येकाने रुंदी का टाईप करावी? साच्यातच चित्र 'फ्रेमलेस' करून टाकलं तर वाचकाने स्वतःच्या पसंतीत ठेवलेली रुंदी आपोआप लागू होईल. म्हणजे कालचं फॉरमॅटनम आज उडवायचं. ठीक आहे, उडवतो.

'इंद्रजाल कॉमिक्स' या जुन्या मालिकेच्या लेखाचं मात्र अडलेलंच आहे. पहिला अंक मार्च १९६४चा, वेताळाचा, म्हणजे फँटमचा. पहिले ३२ अंक वेताळाचेच. १९९०मध्ये मालिका बंद. मडगावच्या एका रद्दीवाल्याकडून सहा मराठी अंक मिळाले, त्यातल्या दोघांची मुखपृष्ठंच फाटलेली, आणि भाव मात्र मखमलीचा. पण धड मुखपृष्ठं स्कॅन करूनही उपयोग शून्य. कॉमन्सवर 'उचित वापर' (हक्क राखीव असलेलं चित्र मर्यादित कामापुरतं विनापरवानगी वापरणं) चालत नाही, आणि आपल्याकडे चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतात. शिवाय 'वारंवारता' हा एकच रकाना: मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक, काय काय कोंबू त्यात?

मध्येच डोक्यात आलं होतं की गोव्यातल्या व्यंगचित्रांवरच्या लेखाला पणजीतल्या भिंतींवरच्या, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या माणसांचा फोटो लावावा. कॅमेरा चार्ज करून ठेवला. मग कायदा वाचला: सार्वजनिक जागी कायमचं बसवलेलं शिल्प किंवा इमारत असेल तर फोटो मोकळा, रंगवलेलं चित्र त्यात बसत नाही. मारिओ २०११मध्ये गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत थांबा. कॅमेऱ्याने भाचीचे फोटो काढले.

तर इंद्रजालचा 'चित्र' रकाना तूर्त रिकामा. पण रिकामा ठेवला की साचा वर एक पांढरा पट्टा सोडतोय, हे आत्ताच दिसलं. तिथे 'इफ', म्हणजे 'चित्र असेल तरच जागा सोड' अशी अट, घालायला हवी. ज्यांनी माझा साचा उचलून नेलाय त्यांनी आपापल्या लेखांत रुंदीच्या जागी कुठले अंक आहेत ते एकदा बघाच.