थायरॉइडची गोळी चालू होती, भूक मात्र वाढतच होती

फाइलवर आधीच ‘थायरॉइड’ लिहिलेलं होतं. अकरा वर्षांची डॅशहाऊंड मादी, नाव राणी, वजन ९.२ किलो, माहीमच्या एका जुन्या इमारतीत राहणारी. दुसऱ्या दवाखान्यात निदान होऊन दोन महिने थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड हार्मोनची, गोळी चालू होती. सोबत रिपोर्टचं एकच पान: टी-४, म्हणजे रक्तातलं थायरॉइड हार्मोन, ०.७ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. कुत्र्यात हा आकडा साधारण १ ते ४ च्या दरम्यान असतो, म्हणजे कमी होता हे खरं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन, तपासलेलं नव्हतं. केस गळतायत, पोट सुटलंय, चाल मंदावली आहे, म्हणून थायरॉइड, असा सरळ हिशेब कोणीतरी मांडला होता.

“वय झालं हो डॉक्टर तिचं,” काकू टेबलाशी उभ्या राहून सांगत होत्या. “त्यात हा मे महिना. दिवसभर धापा टाकते, पाणी पिते. रात्री दोनदा उठवते आणि तरी सकाळी चटई ओलीच. खाण्यापिण्याची मात्र काही तक्रार नाही हं. परवा केराची बादली पाडून अंड्याची टरफलं खाल्लीन्.”

त्या टरफलांशी तो हिशेब अडतो. थायरॉइड कमी पडलेला कुत्रा जाड होतो, पण भूक न वाढता. तो सुस्त असतो, ऊब शोधत फिरतो. सारखं पाणी पिणं आणि घरात लघवी करणं हे त्याचं लक्षण नव्हे. भूक, तहान, लघवी, धाप आणि सुटलेलं पोट ही पाच एकत्र आली की आधी किडनीशेजारच्या ॲड्रिनल ग्रंथींकडे, म्हणजे कुशिंग्जकडे बघायचं. त्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड हार्मोन जास्त सुटण्याचा हा आजार. शरीरात कॉर्टिसॉल जास्त झालं की टी-४ आपोआप खाली येतं. फिट्सवर दिलेलं फिनोबार्बिटोन, सल्फाची औषधं, दुसरा कुठलाही मोठा आजार, यांनीही ते उतरतं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या एकट्या कमी टी-४ वर जन्मभराची गोळी सुरू करणं मला म्हणूनच पटत नाही.

तपासायला घेतलं तेव्हा अंगावर बरंच काही लिहिलेलं होतं. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ, डोकं आणि पाय मात्र भरलेले. खाज नाही. पोटाची कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, खालच्या निळ्या शिरा स्पष्ट दिसणाऱ्या, स्तनाग्रांभोवती काळे बारीक ठिपके. पाठीचा कणा हाताला लागत होता, मांड्यांचे स्नायू उतरले होते, आणि तरी पोट खाली लोंबत होतं. हे पोट चरबीचं कमी असतं. लिव्हर मोठं झालेलं असतं आणि पोटाचे स्नायू ढिले पडलेले असतात. पुढच्या उजव्या पायावर एक चौकोनी टक्कल होतं. टी-४ साठी रक्त काढताना तिथले केस मशीनने कापले होते. दोन महिन्यांत तिथे लवही आली नव्हती.

राणीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. न नसबंद केलेली म्हातारी मादी, पाणी जास्त, पोट मोठं: इथे हार्मोनचा विचार करण्याआधी गर्भाशयात पू झालेला नाही ना ते बघायचं, कारण तो पू दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो. शेवटची हीट, म्हणजे माजावर येणं, कधी, तर “गेल्या दिवाळीत, त्यानंतर आलीच नाही” असं उत्तर आलं. कॉर्टिसॉल वाढलं की हीट थांबते, तेव्हा हा दुवाही जुळत होता. पण घरच्यांच्या नजरेतून हीट निसटतेही. त्याच दिवशी सोनोग्राफी केली. गर्भाशय रिकामं, बारीक. लिव्हर मोठं आणि पांढुरकं. ॲड्रिनल डावी ७.८ मिलिमीटर जाड, उजवी ७.५. दहा किलोच्या आतल्या कुत्र्यात ६ च्या वर गेली की मी मोठी धरतो. दोन्ही सारख्या फुगल्या असतील तर मूळ बहुधा मेंदूच्या तळाशी, पिट्युटरीत असतं. एकच मोठी आणि दुसरी चपटी असेल तर ॲड्रिनलची गाठ. कुशिंग्जचे ८० ते ८५ टक्के कुत्रे पहिल्या प्रकारातले. पण नुसत्या सोनोग्राफीवर निदान लिहायचं नाही. कुठल्याही लांबलेल्या आजाराच्या ताणाने ग्रंथी थोड्या फुगतात.

काकूंना दोन कामं दिली. पहिलं, पाणी मोजणं. एक लिटरची बाटली, सकाळी भांड्यात ओतलं ते लिहायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं वजा करायचं, असं तीन दिवस. मुंबईच्या घरात यात एक हमखास गळती असते, बाथरूममधली बादली. ती झाकायची, नाहीतर आकडा खोटा. तीन दिवसांचे आकडे आले ११५०, १२४० आणि १०८० मिलिलिटर, म्हणजे किलोमागे सव्वाशेच्या आसपास. साधारण कुत्रा ५० ते ६० पितो. शंभरावर गेलं की त्याला उकाडा म्हणून सोडून देता येत नाही, मे महिना असला तरी.

दुसरं काम, घरातली सगळी औषधं एका पिशवीत आणणं. कुत्र्याची आणि माणसांचीही. हे मी प्रत्येक संशयित कुशिंग्जमध्ये करायला लावतो, कारण बाहेरून गेलेलं स्टेरॉइड अगदी हेच चित्र उभं करतं. पावसाळ्यात खाजेवर मारलेली लांब असराची इंजेक्शनं, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, कानाचे थेंब. इतकंच काय, घरातल्या कोणी हाताला लावलेलं इसबाचं क्लोबेटासोलचं मलम कुत्रं चाटत राहिलं तरी पुरतं. पिशवीतून कॅल्शियमच्या गोळ्या, गोचिडाचा पावडरचा डबा आणि शेवटी बीटामेथासोन हे स्टेरॉइड असलेले कानाचे थेंब निघाले. “ते औषध थोडंच आहे, कान साफ करायचं आहे ते,” काकूंचं म्हणणं. आठवड्यातून तीन-चारदा घालत होत्या, बरेच महिने.

एवढ्या थेंबांनी इतकं सगळं होईल असं मला वाटत नव्हतं, आणि दोन्ही ॲड्रिनल फुगलेल्या होत्या. बाहेरच्या स्टेरॉइडने त्या उलट सुकतात. तरीही थेंब चालू असताना कॉर्टिसॉलची चाचणी करणं म्हणजे पैसे पाण्यात. थेंब बंद केले, थायरॉक्सिनही बंद केलं. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या बरेच दिवस चालू असत्या तर मात्र एका झटक्यात थांबवता आल्या नसत्या. शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं सोडलेलं असतं आणि कुत्रं कोसळतं. ते हळूहळूच उतरवावं लागतं.

मधल्या काळात बाकीचं आटोपलं. सकाळची पहिली लघवी घरीच पकडायची; डॅशहाऊंडखाली वाटी सरकवायला जागा नसते, म्हणून काठीला बांधलेली पळी. लघवीचा दाटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.००८, म्हणजे पाण्यासारखी पातळ. साखर नाही, त्यामुळे डायबेटिस बाजूला. रक्तात क्रिएटिनिन ०.७, कॅल्शियम नॉर्मल, म्हणून किडनीचा संशयही मागे पडला. एएलपी हे लिव्हरचं एन्झाइम १४६०, म्हणजे खूपच वाढलेलं, कोलेस्टेरॉल ४१०, प्लेटलेट्स वाढलेल्या, लिम्फोसाइट्स कमी, इओसिनोफिल शून्य. स्टेरॉइडने कुत्र्याच्या लिव्हरमध्ये एएलपीचा एक वेगळाच प्रकार तयार होतो, म्हणून तो असा उड्या मारतो. नुसता एएलपी बघून लिव्हर टॉनिकच्या बाटल्या संपवलेले कुत्रे नेहमी येतात. सुईने मूत्राशयातून घेतलेल्या लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय आला, पू पेशी जवळपास नसतानाही. कॉर्टिसॉल जळजळ दाबून ठेवतं, लघवी पातळ असल्याने पेशी विरळ होतात, म्हणून इथे साध्या युरिन रूटीनवर विसंबायचं नाही. आधी त्याचा अँटिबायोटिक कोर्स पूर्ण केला. दुसरा आजार उघडा ठेवून हार्मोनची चाचणी केली की ताणाचं कॉर्टिसॉल मोजलं जातं.

मुख्य चाचणी जुलैत लावली. मुद्दामच गणपतीच्या आधी. ढोलताशांत आठ तास बसलेल्या कुत्र्याच्या कॉर्टिसॉलला काही अर्थ नसतो. ही लो डोस डेक्सामेथासोनची चाचणी. सकाळी नऊला पहिला रक्ताचा नमुना, मग किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन शिरेतून, मग चार तासांनी आणि आठ तासांनी पुन्हा रक्त. डेक्सामेथासोन हेही स्टेरॉइडच. निरोगी शरीर हा इशारा ओळखतं आणि स्वतःचं कॉर्टिसॉल बंद करतं.

सगळी गडबड डोस काढण्यात होते. नेहमीच्या व्हायलमध्ये एका मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम असतं. राणीला हवं ०.०९२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०२३ मिलिलिटर, ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवरची एक रेघही पुरती भरत नाही. तेवढं तर सुईच्या बुडात अडकून राहतं. म्हणून अर्धा मिलिलिटर औषध १९.५ मिलिलिटर नॉर्मल सलाइनमध्ये मिसळायचं, एका मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम होतं, त्यातलं ०.९२ मिलिलिटर द्यायचं. आधी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी, लावायचा, सलाइनने शीर चालू आहे याची खात्री करायची, मग औषध, मग पुन्हा सलाइन. थोडंसं जरी शिरेबाहेर गेलं तरी त्या दिवशीची चाचणी सोडून द्यायची. राणीला मागच्या खोलीत तिच्या स्वतःच्या चटईवर ठेवलं. नखं कापणं, कान बघणं, शेजारच्या पिंजऱ्यात भुंकणारा लॅब्राडोर, यातलं काहीही नाही.

प्रत्येक नमुन्याचं सिरम लगेच वेगळं करून फ्रिजमध्ये, नळीवर वेळ लिहून. जुलैतल्या भरतीच्या दिवशी दादरच्या हिंदमाताला रस्त्यावर पाणी भरलं की लॅबचा माणूस किती वाजता पोचेल याचा भरवसा नसतो, आणि तोवर रक्त गुठळीसकट बाहेर राहिलं तर आकडे बिघडतात. लॅबला एककही आधीच विचारून ठेवायचं. काही ठिकाणी कॉर्टिसॉल नॅनोमोलमध्ये देतात; मायक्रोग्रॅमला २७.६ ने गुणलं की तो आकडा.

आकडे आले: सुरुवातीला ५.१, चार तासांनी १.२, आठ तासांनी ३.४ मायक्रोग्रॅम. निदान आठ तासांच्या आकड्यावर होतं. तो १.४ च्या खाली हवा होता, नाही, म्हणजे कुशिंग्ज. चार तासांनी दबून पुन्हा उसळलेलं, हे पिट्युटरीचं चित्र. ॲड्रिनलच्या गाठीत ते बहुधा दबतच नाही. एमआरआय सुचवला नाही. पिट्युटरीची गाठ मोठी झाली की कुत्रं गुंगीत राहतं, गोल फिरतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, आणि मुख्य म्हणजे खाणं सोडतं. औषध सुरू नसताना कुशिंग्जच्या कुत्र्याने जेवण टाकलं तर ते धोक्याचं चिन्ह. राणी टरफलं खात होती.

कॉर्टिसॉल बनणं कमी करणारं ट्रायलोस्टेन सुरू केलं, १० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, जेवणासोबतच. रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. कॅप्सूल फोडायची नाही, घरातल्या गरोदर बाईने हात लावायचा नाही. काकूंची सून सहाव्या महिन्यात होती, म्हणून काकांवर काम आलं. फ्रिजवर लावायला मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: जेवली नाही, उलटी, जुलाब, थरथर, उभं राहता येत नाही, यातलं काहीही झालं तर पुढची कॅप्सूल द्यायची नाही आणि लगेच फोन. कॉर्टिसॉल गरजेपेक्षा खाली गेलं की सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं आणि हृदय मंदावतं. “आज थोडी मलूल आहे, पण औषध चुकवलं नाही” हे वाक्य या आजारात सगळ्यात घातक.

दुसऱ्या आठवड्याअखेर पाणी ६२० मिलिलिटरवर आलं, रात्रीचं उठणं थांबलं. तेव्हा एसीटीएच (ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन) देऊन कॉर्टिसॉल मोजण्याची चाचणी, सकाळच्या कॅप्सूलनंतर चार ते सहा तासांच्या आत. उपाशी आणू नका असं दोनदा सांगावं लागतं, कारण रक्ताची तपासणी म्हटली की लोक उपाशीच आणतात. किलोमागे ५ मायक्रोग्रॅम सिंथेटिक एसीटीएच शिरेतून, एका तासाने रक्त. २५० मायक्रोग्रॅमची व्हायल महाग आणि वेळेवर न मिळणारी. उरलेलं प्लॅस्टिकच्या सिरिंजांत भरून उणे २० अंशांवर ठेवलं की काही महिने चालतं. काचेला ते चिकटतं, म्हणून प्लॅस्टिकच. राणीचा आकडा ४.३ आला, सोडियम-पोटॅशियम ठीक. डोस तोच ठेवला. साधारण २ ते ६ च्या मध्ये असावं आणि घरी कुत्रं बरं दिसावं, इतकंच बघतो. नुसता आकडा सुंदर करायला डोस वाढवत नाही.

टी-४ पुन्हा केलं, या वेळी टीएसएचसह: १.७, टीएसएच नॉर्मल. थायरॉइडची गोळी पुन्हा सुरू करायची गरज पडली नाही.

सप्टेंबरात काका वेगळीच तक्रार घेऊन आले. पाणी ठीक, भूक ठीक, केस यायला लागलेत, पण सकाळी उठताना पाठ ताठ, सोफ्याखालच्या पाटावर चढताना कण्हते. कॉर्टिसॉल जास्त होतं तोवर मणक्याची जुनी कुरकुर दबलेली होती. ते खाली आल्यावर ती वर आली. खाजेचंही असंच होतं. आधी पुन्हा सोडियम-पोटॅशियम बघितलं, कारण अशक्तपणा आणि दुखणं लांबून सारखंच दिसतं. ते ठीक निघालं. एक्स-रे काढला, दुखण्यावर गॅबापेंटिन सुरू केलं, घरातल्या गुळगुळीत लादीवर रबरी मॅट टाकायला सांगितली आणि जिन्यावरून उचलूनच न्यायचं ठरवलं. स्टेरॉइड कुणीही, कुठल्याही कारणाने, मला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं आहे, कानाच्या थेंबांसकट.