गव्हाशिवायचे पीठ स्वस्तात कसे जमवावे

कोकणात राहणाऱ्या माणसाने गव्हाशिवायच्या पिठासाठी महिन्याला हजारो रुपये मोजावेत, हे मला अजिबात पटत नाही. माझ्या जावेच्या मुलीला सिलिअ‍ॅक आजाराचे निदान झाले, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने मोबाइल उघडून ‘ग्लुटेन-मुक्त’ असे छापलेली पाकिटे शोधली आणि साध्या तांदळाच्या चौपट-पाचपट दर पाहून सगळेच गप्प झाले. पाकिटाची मागची बाजू वाचली, तर आत तांदळाचे पीठ, टॅपिओकाचा स्टार्च, थोडे बेसन आणि एखादा डिंक. म्हणजे जे पीठ आमच्या घरी घावण्यांसाठी नेहमी दळून येते, तेच रंगीत पाकिटात घालून आम्हाला परत विकले जात होते. तरीही त्या पाकिटाची किंमत निव्वळ लूट आहे असे म्हणता येत नाही, कारण त्यात धान्याखेरीज आणखी एक गोष्ट विकली जाते, ती म्हणजे गव्हाच्या स्पर्शाची अनुपस्थिती. स्वस्तात जमवायची आहे ती नेमकी हीच गोष्ट. धान्य आपल्याकडे स्वस्त आहेच.

सिलिअ‍ॅक हा पथ्याचा शौक नव्हे. गहू, सातू (जव) आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक परदेशी धान्य) यांतील ग्लुटेन हे चिकट प्रथिन पोटात गेले की शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, आणि त्यावर आयुष्यभर ग्लुटेन टाळणे एवढाच उपचार आहे. आपल्याकडील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसलेल्या पदार्थालाच ‘ग्लुटेन-मुक्त’ म्हणता येते. एक किलो तांदळाच्या पिठात चिमूटभर कणीक मिसळली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. नुसते ‘गहू बंद करून बघू’ म्हणणाऱ्यांनी आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण गहू सोडल्यानंतर केलेली तपासणी फसवी ठरू शकते.

आता धान्याकडे वळू. केकसाठी किंवा बिस्किटांसाठी लागणारा तांदूळ म्हणजे सुरय, म्हणजेच न उकडलेला तांदूळ, तोही जुना असल्यास उत्तम. पेजेचा उकडा तांदूळ या कामाचा नाही, कारण तो एकदा शिजवून वाळवलेला असल्याने त्याचे पीठ खरखरीत राहते. महागडा सुवासिक तांदूळ घेण्याची गरज नसते; तुकडा तांदूळ निम्म्या-पाऊण भावात मिळतो, आणि पीठच करायचे असेल तर दाणा अखंड असण्याला काय अर्थ आहे? मात्र तो सुट्या पोत्यातून घेताना दुकानदाराचे माप पाहावे. गव्हाच्या पोत्यात बुडवलेलेच माप तांदळात बुडते, आणि रेशनच्या दुकानात तर दोन्ही धान्ये एकाच काट्यावर मोजली जातात. म्हणून तांदूळ पांढऱ्या कापडावर पातळ पसरून, खिडकीजवळच्या उजेडात बसून निवडावा. पिवळसर, पोटावर चीर असलेला गव्हाचा दाणा तांदळात लगेच ओळखू येतो. निवडून झाल्यावर तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवावा, म्हणजे दाण्याला चिकटलेली धूळही जाते.

नाचणीचे काम याहून सोपे आहे. तिचा दाणा इतका बारीक असतो की योग्य चाळण वापरली, तर गहू वर राहतो आणि नाचणी खाली पडते. वरकस जमिनीतली गावची नाचणी दिवाळीच्या सुमारास बाजारात येऊ लागते, आणि कुडाळ-सावंतवाडीच्या आठवडा बाजारांत ती विकायला बसणाऱ्या बायका बहुधा स्वतःच्याच शेतातली आणतात. त्यांच्या टोपलीत गहू येण्याचा संभव फार कमी, कारण त्यांच्या शेतात गहू पिकतच नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून नाचणीला शहरी पाकिटाचे भाग्य लाभले असले, तरी टोपलीतल्या नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतेच, आणि सिलिअ‍ॅकमध्ये हाडे ठिसूळ होण्याचा धोका असल्याने हे कॅल्शियम आमच्या मुलीसाठी महत्त्वाचे आहे.

खरी अडचण गिरणीत सुरू होते. आपल्याकडे दळण देताना ‘गव्हावर टाकू नका, तांदळावर टाका’ असे सांगण्याची पद्धत जुनी आहे, पण तिचा हेतू चवीचा आणि उपवासाचा असतो. गव्हानंतर गिरण झाडली, पहिले किलोभर पीठ बाजूला काढले, तरी दगडांच्या टाक्यांत (खाचांत), पिठाच्या पिशवीत आणि गिरणीच्या हवेत कणीक राहतेच. आमचा गिरणवाला भला माणूस आहे. ‘वयनी, साफ झाडून देतंय’ म्हणून त्याने खरोखरच कुंचल्याने चक्की झाडली. त्याच वेळी शेजारच्या चक्कीवर कुणाचा तरी गहू पडत होता आणि सगळ्या खोलीत पांढरा धुरळा तरंगत होता. साध्या आवडीपोटी गहू कमी करणाऱ्याला एवढी काळजी पुरेशी आहे, सिलिअ‍ॅक असलेल्याला नाही. ज्या गावात केवळ तांदळासाठी वेगळ्या जागेत वेगळी चक्की आहे, तिथले लोक नशीबवान म्हणायचे.

उरलेल्यांना तीन मार्ग आहेत, आणि त्यांतला सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पीठच न करणे. आंबोळीसाठी आपण तांदूळ भिजवून वाटतो, मग केकसाठी का वाटू नये? एक वाटी सुरय तांदूळ पाच-सहा तास भिजवून पूर्ण निथळावा. मिक्सरच्या भांड्यात तो तांदूळ, अर्धी वाटी दूध किंवा नारळाचे घट्ट दूध, पाव वाटी तेल, दोन अंडी आणि पाऊण वाटी साखर घालून बोटांना कणी लागणार नाही इतके गुळगुळीत वाटावे. मिक्सरला मधे मधे विश्रांती द्यावी, नाहीतर मिश्रण गरम होते. शेवटी दीड चमचा बेकिंग पावडर घालून, भांडे एकदाच फिरवून, तेल लावलेल्या डब्यात ओतून १८० अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजावे. मिश्रण धिरड्याच्या पिठाइतके पातळ दिसते आणि पहिल्या वेळी कुणालाही शंका येते, पण केक मऊ आणि ओलसर होतो. यात ना गिरण लागते, ना चाळण, ना कुठला डिंक.

दुसरा मार्ग जात्याचा. माळ्यावर पडलेले जाते बहुधा तांदूळ-नाचणीसाठीच वापरले गेलेले असते, तरी त्याचा पूर्वेतिहास माहीत नसेल तर दगडाला छिन्नीने टाकी लावून घ्यावी आणि पहिले थोडे तांदळाचे दळण टाकून द्यावे. आठवड्याला किलो-दीड किलो पीठ लागणाऱ्या घरात जाते पुरते; हाताला सवय मात्र हवी.

तिसरा मार्ग घरघंटीचा, म्हणजे विजेच्या घरगुती चक्कीचा. साधारण १५ ते २० हजार रुपयांची ही वस्तू एका घराला परवडत नसेल, तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावी, फक्त अट एकच असावी की तिच्यात गहू कधीही पडणार नाही. आम्ही चार घरांनी मिळून घेतली आहे. बाकीच्या तिघांच्या घरी कुणालाही आजार नाही, त्यांना भाकरी-घावण्यांचे ताजे पीठ हवे असते. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाकडून अनुदानावर घरघंटी देण्याच्या योजना वेळोवेळी निघतात, तेव्हा ग्रामपंचायतीत चौकशी करून ठेवणे चांगले. जुनी घरघंटी मात्र स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण तिच्यात आधी गहूच दळलेला असणार. माझ्या मते या साऱ्या व्यवहारात मोकळ्या हाताने पैसे खर्च करण्यासारखी जागा हीच आहे, आणि बाकी सगळीकडे हात आखडता घ्यावा.

तांदळाच्या पिठाचा केक तोंडात कचकचतो अशी तक्रार सगळे करतात. त्यावरचा उपाय मोदकांच्या पिठीत आहे. तांदूळ धुऊन, सावलीत कापडावर वाळवून, बारीक दळून ती पिठी वस्त्रगाळ करावी आणि मिश्रण कालवल्यावर अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे पीठ पाणी पिते. बिस्किटांसाठी यातली चौथाई पिठी उकड काढून घातली, तर ती मोडत नाहीत.

बाहेरच्या महागड्या पिठांना गावचे पर्याय आहेत, आणि ते शोधण्यात मला स्वतःला फार गंमत वाटते. टॅपिओका स्टार्च म्हणजे साबुदाणाच. तो कोरडा भाजून, गार करून मिक्सरमध्ये फिरवला आणि बारीक चाळला की काम झाले. बदामाच्या पिठाऐवजी काजूची कणी घ्यावी. वेंगुर्ले-मालवण पट्ट्यातल्या काजू कारखान्यांतून अख्ख्या काजूपेक्षा तुकडा आणि कणी बरीच स्वस्त मिळते, आणि दळून आल्यावर चवीत फरक राहत नाही. फक्त मिक्सर थांबत थांबत फिरवावा, नाहीतर पिठाऐवजी लोणी होते. नारळाचे दूध काढल्यावर उरणारा चोथा कडक उन्हात वाळवून दळला की तेच नारळाचे पीठ, ज्याला शहरात चांगलेच पैसे पडतात. ते पाणी फार शोषते, म्हणून एकूण पिठाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक घालू नये. मे महिन्यात उकडून, सोलून वाळवलेल्या आठळ्यांचेही पीठ होते. त्याला किंचित मातकट वास असल्याने ते गुळाच्या आणि वेलचीच्या केकात शोभते. राजगिरा, शिंगाडा आणि वरीची पिठे उपवासाच्या निमित्ताने कुठल्याही वाण्याकडे मिळतात. वरीचे पीठ मात्र सुटे घेऊ नये: दमट हवेत त्याला बुरशी लागून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाशिवरात्र-नवरात्रात दरवर्षीच्या झाल्या आहेत. वरी अख्खी घ्यावी, धुवावी, वाळवावी आणि घरी दळावी.

ग्लुटेन नसले की पिठाला चिकटपणा राहत नाही, आणि पाव फुगण्याऐवजी भेगाळतो. त्यासाठी झँथन गम नावाचा डिंक वापरतात. तो लागतो अगदी कमी, तरी आमच्याकडे तो बाहेरून मागवावा लागतो. इसबगोल मात्र प्रत्येक औषधाच्या दुकानात असते. १०० ग्रॅम पिठाला ५ ग्रॅम इसबगोल पाण्यात भिजवून त्याचा गोळा झाल्यावर मिसळले, तर तांदूळ, नाचणी आणि साबुदाण्याच्या पिठाचा पाव उभा राहतो. या पिठाला मळत बसू नये. ते भज्यांच्या पिठाहून थोडे घट्ट असावे आणि अरुंद, उंच डब्यात भाजावे. भाजल्यावर पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावू नये, कारण आतला स्टार्च गार होतानाच घट्ट होतो.

भट्टी नसेल तरी अडत नाही. तवस (मोठी काकडी) किसून, तांदळाच्या रव्यात गूळ-खोबऱ्याबरोबर कालवून धोंडस करणाऱ्या आमच्या आज्या टोपावर झाकण ठेवून त्यावर निखारे घालत आणि खाली मंद विस्तव ठेवत, म्हणजे वरून-खालून भाजण्याचे तंत्र त्यांना ठाऊक होते. आता तेच काम जाड बुडाच्या पातेल्यात होते. त्या धोंडसात गव्हाचा कणही नसतो, आणि मुलीच्या वाढदिवसाला मी तेच करते.

बेकिंग पावडरमध्ये बहुधा मक्याचा स्टार्च असतो, पण लेबल वाचूनच घ्यावी. ती नसेल तर पाव चमचा खायचा सोडा आणि अर्धी वाटी आंबट ताक हे एक चमचा पावडरीचे काम करते. २०२० च्या लेबल-नियमांनुसार गव्हासारखा घटक असल्यास तसे पाकिटावर छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे आयसिंग साखर, कोको, कस्टर्ड पावडर यांची मागची बाजू वाचायला दोन मिनिटे पुरतात. माल्ट असे दिसले की वस्तू परत ठेवावी, कारण तो बहुधा सातूचा असतो. सर्वांत छुपा शत्रू म्हणजे बांधानी हिंग. त्यात बऱ्याचदा मैदा असतो. घरच्या भाजणीत आणि वड्यांच्या पिठातही अनेक ठिकाणी मूठभर गहू टाकतात, आणि खानावळीतली सुरमई रव्यात घोळवून तळलेली असते. मी पाहुणचाराला जाताना आमच्या मुलीसाठी तांदळाच्या पिठीत घोळवलेले मासे वेगळ्या डब्यात नेते. कुणी रागावत नाही.

चाळण, लाकडी पोळपाट-लाटणे आणि केकचा डबा मात्र नवाच घ्यावा. जुन्या चाळणीच्या जाळीत आणि लाकडाच्या चिरांत कणीक बसलेली असते, ती धुऊन जात नाही. या चार वस्तू मिळून एका ग्लुटेन-मुक्त पाकिटाच्या दोन-तीनपट किमतीत येतात आणि वर्षानुवर्षे टिकतात.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीत या धान्यांचा समावेश करावा, पण पिठांचा नाही. पावसाळ्यात दळलेल्या तांदळाच्या पिठाला आठ-दहा दिवसांत टोके लागतात आणि नाचणीच्या पिठाला कुबट वास येतो. उलट मे महिन्याच्या उन्हात कडक वाळवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरलेले धान्य दिवाळीपर्यंत नीट राहते. जून ते सप्टेंबर आठवड्यापुरतेच दळावे. काजूची कणी आणि नारळाचे पीठ फ्रीजमध्ये ठेवावे, कारण दोन्हींतले तेल खवट होते. यीस्टचे मोठे पाकीट किलोमागे स्वस्त पडते म्हणून घेण्याचा मोह होतो, परंतु एकदा फोडले की दमट हवेने त्याचा जोर कमी होतो, तेव्हा छोट्या पुड्याच घ्याव्यात. झँथन गम मागवायचाच असेल तर केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानदाराकडे चार-पाच जणींनी मिळून मागणी नोंदवावी. कणकवली आणि रत्नागिरीतले दुकानदार मुंबईच्या मालाबरोबर तो आणून देतात आणि टपालखर्च वाचतो.